क्लाउनफिशबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

क्लाउनफिश म्हणजे समुद्रातला छोटा, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. नाशिकच्या मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर त्याच्याबद्दल एक मेसेज फिरतोय: 'क्लाउनफिश नळाच्या पाण्यात जेवणातलं मीठ घालून ठेवा. समुद्रफूल (सी ॲनिमोन) मात्र हवंच. जोडी रंगावरून निवडा. डुलत पोहला की औषध द्या.' चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिल्यानं तर मासा मरतो.

समुद्राच्या क्षारांत सोडियम क्लोराइड साधारण ८५ टक्के असतं. बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, पोटॅशियम आणि पीएच टिकवणारं बायकार्बोनेट. हे जेवणातल्या मिठात मिळत नाही. सागरी टाकीसाठीचं सॉल्ट मिक्सच आणा. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालून पंपानं रात्रभर फिरवा आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट घनता १.०२५ आली की वापरा. नळाचं पाणी गंगापूर धरणाचं असलं तरी त्यात क्लोरीन असतो. नवी टाकी अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं शून्यावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा चार ते सहा आठवडे, मासे न सोडता चालवायची.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून पातळी उतरली की साधं आरओचं पाणी घालायचं. बरेच जण इथे खारं पाणी ओततात, आणि आठवड्याभरात सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, चढते. तापमान २५ ते २७ अंश ठेवा. पाण्यावर पंखा सोडला तर थंडावा मिळतो, पण पाणीही जास्त उडतं, तेव्हा पातळी रोज बघा.

समुद्रफुलाची सक्ती नाही. टाकीतच जन्मलेले मासे त्याच्याशिवाय नीट राहतात. उलट, समुद्रफुलालाच जास्त प्रकाश आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते.

जोडीचं म्हणाल तर क्लाउनफिशच्या ऑसेलारिस जातीत नर-मादी रंगानं सारखेच: नारिंगी अंग, काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे. हे मासे आधी नर होतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी, त्याखालचा नर. मादी मेली की तो नरच मादी होतो, आणि पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन लहान मासे घ्या, एक जरा मोठा. दोन पूर्ण वाढलेले एकत्र सोडले तर दोन्ही माद्या निघू शकतात आणि भांडण जिवावर बेततं. धाकटा मोठ्यापुढे थरथरताना दिसला तर घाबरू नका. ती शरणागती आहे.

डुलणंही तसंच. छातीजवळचे पर वल्ह्यासारखे मारत हा मासा झोकांड्या खात पोहतो, ती त्याची चालच आहे. औषध तेव्हाच, जेव्हा कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येतात किंवा जाड चिकट थर सुटतो. तेही वेगळ्या टाकीत. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घातलं तर प्रवाळ आणि समुद्रफूल मरतात.