गोल्डफिशचे विसर्जन : काही नम्र सूचना

आपल्याला घरातल्या गोल्डफिशचा कंटाळा आला आहे, असे कोणी म्हणाले तर ते मुळीच मान्य करू नये. रविवारी सकाळी बाऊलमधले हिरवट पाणी बादलीत ओतताना, काचेवरचे बुळबुळीत शेवाळ जुन्या टूथब्रशने खरवडताना आणि त्याचा वास दुपारच्या जेवणापर्यंत बोटांना चिकटून राहिल्यावर आपल्या मनात जे काही दाटून येते, त्याला भूतदया म्हणावे. मुलाच्या वाढदिवसाला आलेला मासा तीन महिन्यांत मुलाच्या विस्मरणात जातो आणि आईच्या कामांत जमा होतो, हा सर्वत्रचा अनुभव आहे. त्यातून तो लवकर मरेल म्हणावे, तर त्याचाही भरवसा नाही. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. एवढ्या काळात फ्लॅटचे कर्ज दोनदा फिटते.

तेव्हा त्याला मुक्ती देण्याचा आपला विचार योग्यच आहे. मासा दुकानदाराला परत करणे किंवा टाकी बाळगणाऱ्या एखाद्या हौशी ओळखीच्या माणसाला देणे, असले मार्ग काही लोक सुचवतील. परंतु त्यांत दोन-चार फोन करावे लागतात आणि मुक्तीचे समाधानही मिळत नाही. शिवाय मुक्तीला परंपरा आहे. गोल्डफिश मुळात चीनमधला, करड्या-हिरवट रंगाच्या एका साध्या माशाचा वंशज. पुण्यप्राप्तीसाठी जिवंत मासे तळ्यात सोडण्याची बौद्धांची प्रथा तिथे होती आणि अशाच तळ्यांत सोडलेल्या सोनेरी माशांतून हजारेक वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या सुमारास, आजच्या गोल्डफिशची पैदास सुरू झाली. त्या भाविकांची चूक एवढीच की ती तळी बंदिस्त होती. आपण ही उणीव भरून काढावी आणि मोकळे पाणी निवडावे.

आपण महाराष्ट्रात असाल, तर एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, की इथे आपण पहिले नाही. तिलापिया हा परदेशी मासा केव्हाच नद्यांत स्थिरावला आहे आणि उजनीच्या जलाशयात फिश टँकमधला सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. गोल्डफिशने खरे नाव काढले ते परदेशात, विशेषतः थंड हवेच्या मुलखात, त्यामुळे जे वाचक नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक आहेत त्यांनी पुढील मजकूर जरा अधिक लक्ष देऊन वाचावा.

मासा पिशवीत घालून तळ्याकाठी न्यावा आणि तोंड बांधलेली पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचे तापमान सारखे होते. माशाला धक्का बसू नये, एवढी काळजी आपण घेतलीच पाहिजे. तळ्याला कितपत धक्का बसेल, याची काळजी मात्र आपण करू नये. त्यासाठी नगरपालिका असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहराच्या नगरपालिकेने जुलै २०२१ मध्ये केलर तळ्यातले फुटबॉलएवढे गोल्डफिश हातात धरून छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि पाळीव मासे कृपया तळ्यात सोडू नका, असे नागरिकांना विनवले. जवळच्या कार्व्हर काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, आदल्याच वर्षी स्थानिक पाण्यातून ५०,००० पर्यंत गोल्डफिश बाहेर काढले होते. ते सोडताना एवढे कोणीही मोजले नसतील. कोलोरॅडोत बोल्डरजवळच्या टेलर तळ्यात २०१५ मध्ये तीन ते चार हजार मासे आढळले, तेव्हा कोणीतरी काही वर्षांपूर्वी सोडलेल्या चार-पाच माशांचा हा विस्तार असावा, असा अधिकाऱ्यांचा अंदाज होता. सार्वजनिक पैशाने मासे काढायचे कसे, याचा खल चालू असतानाच पेलिकन पक्ष्यांचा थवा उतरला आणि त्याने बहुतेक तळे फस्त केले. आपल्याही तळ्यावर पेलिकन येतील, असा विश्वास बाळगावा.

मासा बाऊलच्या मापानेच वाढतो, असे दुकानात सांगतात. कुंडीतले वडाचे रोप वीतभर राहते म्हणून वड ही वीतभर वनस्पती आहे, असे मानण्यासारखेच ते आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बसलटन गावातून वाहणाऱ्या व्हास नदीत १.९ किलोपर्यंतचे गोल्डफिश सापडले आहेत. मरडॉक विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या माशांच्या शरीरात संदेश देणारी उपकरणे बसवून वर्षभर त्यांचा माग काढला, तेव्हा एका माशाचा वर्षातला प्रवास २३० किलोमीटरच्या वर भरला. पुण्याहून कोल्हापूर साधारण एवढेच. विणीच्या हंगामात हे मासे नदी सोडून बाजूच्या पाणथळ जागेत जमतात, असेही त्या अभ्यासात दिसले. म्हणजे बाऊलमध्ये गोल फिरणाऱ्या ज्या जिवाची आपल्याला कीव आली, त्याला मोकळे सोडताच त्याने वाट शोधली आणि संसारही थाटला. कोणत्याही आईबापांना अभिमान वाटावा, अशीच ही प्रगती आहे.

पाण्यातले मूळ रहिवासी कुरकुर करतील, तिकडे लक्ष देऊ नये. गोल्डफिश तळाचा गाळ तोंडात घेतो, त्यातले खाद्य गिळतो, उरलेला थुंकतो आणि हे दिवसभर करतो; त्यात पाणवनस्पती मुळासकट उपटल्या जातात, पाणी गढूळ होते, गाळात बसलेली पोषकद्रव्ये वर येतात आणि शेवाळाला मेजवानी मिळते. काही निळी-हिरवी शैवाले त्याच्या आतड्यातून बाहेर पडल्यावर अधिकच जोमाने वाढतात, असे प्रयोगांत आढळले आहे. थोडक्यात, जे हिरवट पाणी आपण दर रविवारी बादलीने उपसत होतो, तेच तो आता साऱ्या गावासाठी तयार करतो. अधूनमधून तो इतर माशांची अंडी खातो, बरोबर आणलेले परजीवीही वाटतो. नव्या वस्तीत रुळायचे म्हणजे देवाणघेवाण आलीच.

हिवाळ्यात तळे गोठेल आणि आपला मासा गुदमरेल, ही भीतीही अनाठायी आहे. बर्फाखाली प्राणवायू संपला की हा मासा स्नायूंत साठणाऱ्या आम्लाचे मद्यार्कात रूपांतर करतो आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. २०१७ मध्ये ऑस्लो आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी ही किमया कोणत्या प्रथिनामुळे साधते, ते दाखवून दिले. त्याचा युरोपातला चुलतभाऊ, क्रूशियन कार्प, याच्या रक्तात अशा दिवसांत १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळतो. आपल्याकडे वाहनचालकाला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. इतर मासे मरून वर तरंगत असताना हा झिंगून खाली बसतो आणि वसंतात एकटाच ताजातवाना निघतो.

पुढे कधी काठावर फिरायला गेलात आणि तो ओळखू आला नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. सोनेरी पिल्ले बगळ्यांच्या नजरेत चटकन भरतात, करडी वाचतात, त्यामुळे काही पिढ्यांत पूर्वजांचा मातकट रंग परत येतो. गणपतीला निरोप देताना पुढच्या वर्षी लवकर या म्हणावे लागते. इथे ते सांगण्याची गरज नसते, आणि येणारे ओळखीचे दिसत नसल्याने आपल्याला जाब विचारायलाही कोणी येत नाही.

एवढी एकच गोष्ट जरूर पाळावी. मासा पाण्यात उतरला की रिकामी प्लास्टिकची पिशवी नीट झटकून, घडी घालून खिशात ठेवावी आणि घरी न्यावी. पाण्यात कचरा टाकणे आपल्यासारख्यांना शोभत नाही.