डिझेलवर जगणारे

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर शाकारून उभे राहतात, जाळी शिवायला निघतात, नेपाळी खलाशी गावी जातात. बंदी लागू नसते ती फक्त डिझेलच्या टाकीत. तिथला सीझन नेमका याच दोन महिन्यांत जोरात.

होतं असं, की टाकी अर्धी रिकामी असली तर वरच्या मोकळ्या जागेत पावसाळी दमट हवा भरते. रात्री गारव्यानं पत्र्याला आतून घाम फुटतो. ते पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी जाऊन बसतं. मग पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जीवाणू अन् बुरशी संसार थाटतात. राहायला पाणी, जेवायला डिझेल. आम्ही लिटरच्या भावानं घासाघीस करतो ते डिझेल ही मंडळी फुकट खातात. यातली एक बुरशी विमानांच्या टाक्यांतही सापडते. तिचं नाव होर्मोकोनिस रेझिनी. मी ते आमच्या इंजिनाच्या मेस्त्रींना वाचून दाखवलं तर म्हणाले, "नाव आपल्याकडचं वाटत नाय. कुठून आली?"

ऑगस्टच्या पहिल्याच फेरीत दीपगृह मागे पडतं न पडतं तोच इंजिन गचके खाऊ लागलं. तांडेलानं, म्हणजे बोटीच्या कप्तानानं, माझ्याकडे बघितलं, मी फिल्टरच्या बाऊलकडे, म्हणजे त्याच्या खालच्या पारदर्शक वाटीकडे. खाली पाणी, वर डिझेल आणि मध्ये तपकिरी, बुळबुळीत साय. बोटानं उचलली तर तार धरून लोंबायला लागली. वास कुजक्या अंड्यांचा. काही जीवाणू असला वायू सोडतात आणि टाकीचा पत्राही कुरतडतात, म्हणजे जेवून झाल्यावर ताटसुद्धा सोडत नाहीत. बोट लाटांवर आडवी होत असताना फिल्टर बदलायचा आणि हातपंप मारून लाइनीतली एअर काढायची, हे काम ज्यानं केलंय त्याला बोट लागणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. नवा फिल्टर घातला, तोही तासाभरात काळा. रडतखडत परत आलो.

जेटीवर सल्ला फुकट मिळतो आणि भरपूर मिळतो. एक म्हणाला डांबरगोळ्या टाका, दुसरा म्हणाला लोहचुंबक बसवा, तिसरा म्हणाला टाकीच विका. मी जंतुनाशकाची बाटली आणली आणि ओतणार, एवढ्यात मेस्त्रींनी हात धरला.

"मारायला बाटली पुरेल हो शेठ. पण मेलेले जाणार कुठे? फिल्टरातच ना? त्यांचे दिवस घालायला फिल्टरांचं खोकं आणलंत का?"

मुद्दा बिनतोड होता. औषधानं जीव जातो, मयत टाकीतच राहतं. म्हणून आधी तळाचं पाणी काढायचं, झाकण उघडून गाळ उपसायचा, मग मापानं औषध. टाकीत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, त्यांच्यामागे गाळ असा दडून बसतो की हात खांद्यापर्यंत घालावा लागतो. औषध विषारी, म्हणून हातमोजे. निघालेला काळा चिखल बंदरात ओतायचा नाही, पिंपात भरायचा. ते पिंप मग कुणाच्या बोटीजवळ ठेवायचं, यावरून वेगळं भांडण. उरलेलं डिझेल पंपानं फिल्टरातून फिरवत बसायचं. खोकं संपत आलं तेव्हा कुठे बाऊल स्वच्छ दिसला.

पुढल्या वर्षासाठी मेस्त्री म्हणतात, मेअखेर टाकी काठोकाठ भरा, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. शंभर टक्के खरं. पण मेअखेर आमच्या खिशातही हवाच असते.

हे सगळं मी घरी अण्णांना रंगवून सांगितलं. त्यांनी तरुणपणी शिडाच्या होडीवर दर्या मारलेला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बुरशी तर आमच्या शिडालाही यायची. तू टाकी उन्हात वाळत घातलीस का?"