इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे आपली रब्बी

एप्रिल उजाडला की इंग्लंडातल्या मराठी घरांत तेच प्रश्न सुरू होतात. भेंडीचं बी कुठे मिळेल? गवार येईल का? कारल्याला केवढी कुंडी लागेल? मग सप्टेंबरात सहा रोपं आणि चार भेंड्या असा फोटो येतो. कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण चार भेंड्यांची भाजी होत नाही, आणि त्याच जागेत पाच महिने घरची मेथी खाता आली असती हे कोणी बोलत नाही.

भेंडीला जमीन निदान 20 अंश लागते. इथे जुलैतसुद्धा बहुतेक ठिकाणी रात्री 11 ते 14 अंशांवर येतात. 15 च्या खाली भेंडी नुसती उभी राहते, मरत नाही म्हणून आपली आशाही सुटत नाही. गवार, दुधी, कारलं यांचंही तेच. काचघर किंवा पॉलिटनेल (प्लास्टिकच्या कागदाचा बोगदा) असेल तर खुशाल लावा. उघड्यावर मात्र हा हट्ट सोडलेला बरा.

मे ते सप्टेंबर इथली हवा कशी असते बघा. दिवसा साधारण 17 ते 23, रात्री 8 ते 14, अधूनमधून दव. ही हवा आपल्या ओळखीची आहे: रब्बीची. मेथी, कोथिंबीर, मुळा, पालक, वाटाणा, चाकवत, म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतर बाजारात येणारं सगळं इथे उन्हाळ्यात लावायचं.

फक्त एक फरक मोठा आहे. हवा रब्बीची असली तरी दिवस रब्बीचा नाही. 21 जूनला लंडनमध्ये सूर्य साडेसोळा तास वर असतो, पुण्यात त्याच दिवशी साधारण सव्वातेरा तास. एवढा लांब दिवस मिळाला की ही रोपं पानं सोडून फुलाच्या मागे लागतात. कांदेवाले शेतकरी ज्याला डेंगळे येणं म्हणतात, तोच प्रकार. त्यामुळे 'इथली कोथिंबीर चांगली नाही' ही तक्रार चुकीची आहे. बी चांगलं असतं, तारीख चुकलेली असते.

कोथिंबिरीचंच घ्या. मे-जूनमध्ये पेरली की पाच-सहा आठवड्यांत तिची पानं शेपूसारखी बारीक होतात आणि मधून दांडा निघतो. ट्रेमध्ये रोपं करून नंतर जमिनीत लावली तर आणखीच लवकर, कारण तिचं सोटमूळ दुखावतं. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि जागेवरच पेरा, एक सेंटीमीटर खोल. थंड मातीत उगवायला दोन ते तीन आठवडे घेते, तेवढा धीर धरा. वाफा एकदम भरू नका, दर पंधरा दिवसांनी एक ओळ. खरी पेरणी ऑगस्टच्या मध्यावर. तेव्हा दिवस आखडत असतो, दांडा येत नाही, आणि हलकं दहिवर (गोठलेलं दव) झेलून ती नोव्हेंबरपर्यंत पानं देते. फुलावर गेलेली उपटू नका. हिरवे धणे चटणीत घाला, त्यांचा वास पानांपेक्षा चढा असतो.

मुळ्याचा नियम आणखी कडक. लांब पांढरा मुळा जुलैच्या मध्याआधी पेरू नये. आधी पेरला की खाली बोटाएवढं लाकूड आणि वर फुलांचं झाड होतं. तसा झालाच तर वाईट वाटून घेऊ नका, थोड्याच दिवसांत त्याला डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. नखाने कट्‌कन तुटतात तोवर काढायच्या, कांदा-मिरचीवर परतायच्या. लंडनच्या दुकानात डिंगऱ्या विकत मिळवून दाखवा! पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली तर ते उड्या मारणारे बारीक काळे भुंगेरे. पेरल्याच दिवशी बारीक जाळी अंथरा, भोकं दिसल्यावर अंथरून काही उपयोग नाही.

मेथीला दांडा येण्याआधीच आपण ती कापतो, म्हणून ती सगळ्यांत निर्धोक. डब्यातलीच मेथी रात्रभर भिजवा. एका चौरस मीटरला 25-30 ग्रॅम फोकून पेरा, वर सेंटीमीटरभर माती. एप्रिलअखेर ते ऑगस्टअखेर कधीही. चार-पाच आठवड्यांत वीतभर होते. शेंगवर्गातली असल्याने वरून नत्र द्यायची गरज नाही, दिलंत तर लुसलुशीत होते आणि मावा येतो. कबुतरं मात्र उगवतानाचे कोंब एका सकाळीत साफ करतात.

आता चाकवत. इथल्या बागवाल्यांना जे तण हमखास दिसतं, ज्याला ते 'फॅट हेन' म्हणतात, ते म्हणजे आपला चाकवत. खतावलेल्या जमिनीत न पेरता उगवतो. आणि आपलीच माणसं त्याला उपटून कचऱ्याच्या ढिगावर टाकतात, मग गाडी काढून पालक आणायला जातात. ओळख अशी: कोवळ्या शेंड्यावर आणि पानाच्या मागे पिठी असते, बोटाला लागते. पाणी टाकलं तर थेंब घरंगळतात. पान बदकाच्या पायासारखं कातरलेलं. पिठी नसेल, देठ केसाळ असेल किंवा जरा शंका असेल तर खाऊ नका, कारण त्याच जागी विषारी रोपंही उगवतात. वीतभर असतानाच काढा आणि शिजवूनच खा. एक झाड जरी बियांवर गेलं तरी हजारो बिया पडतात आणि शेजारच्या प्लॉटवाल्याचं तोंड पुढची काही वर्षं वाकडं राहतं.

सोबत आंबटपणाला इथला सॉरेल लावा. आपल्या चुक्याचाच भाऊबंद आहे. एकदा लावला की वर्षानुवर्षं फुटत राहतो.

चौघांची पातळ भाजी: निवडलेला चाकवत पाव किलो, भिजवलेली हरभरा डाळ दोन चमचे, शेंगदाणे दोन चमचे. डाळ-दाणे कुकरला लावा, पाला वेगळा उघड्या पातेल्यात आठ-दहा मिनिटं शिजवून घोटा. दोन वाट्या ताकात दोन चमचे बेसन रवीने घुसळून मगच ते भाजीत ओता आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा. बेसन न लावता ताक तापवलं तर फाटणारच. इथलं दही गोडसर असतं, त्यामुळे ताकाला चव येत नाही. दही आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवा. थंडीत ओव्हन न तापवता त्याच्या आतला विजेचा दिवा तेवढा लावा आणि दही त्यात ठेवा. चुका घातला तर ताक निम्मं करा. लसूण, हिंग, सुकी मिरची यांची फोडणी. चुक्याने रंग शेवाळी होतो, तो तसाच असतो.

भाकरी तुटते म्हणून हात दोषी नसतो. दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, त्याची विरी (चिकटपणा) गेलेली असते. वाटीभर पिठाला पाऊण वाटी उकळतं पाणी घालून झाका, दहा मिनिटांनी कोमट असतानाच भरपूर मळा. मग थापता येते.

अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, मिळाली असेल तर पूर्ण प्लॉट म्हणजे जवळपास 250 चौरस मीटर. नोकरी सांभाळून तो झेपत नाही, अर्धा मागा. 1922 च्या कायद्यातच ही जमीन मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी पिकवायची असं म्हटलंय, तेव्हा मेथी विकायचे बेत नकोत.

फुकटचं घोड्याचं खत दिसलं की आपला जीव हरखतो. जरा थांबा. कुरणावर मारलेलं अमिनोपायरालिड हे तणनाशक गवतातून घोड्याच्या पोटात आणि तिथून तसंच खतात उतरतं. टोमॅटो, बटाटा, शेंगवर्गाची पानं मग नेच्यासारखी वळतात. त्या खतात निम्मी माती मिसळून दोन कुंड्यांत ब्रॉड बीन्स लावा, शेजारी बिनखताची एक कुंडी ठेवा. तीन-चार आठवड्यांत शेंडे वळले तर खत घेऊ नका. आणि दुकानात 'मल्टिपर्पज कंपोस्ट' लिहिलेली पिशवी हे खत नव्हे, ती कुंडीत भरायची माती. तिच्यातला कस पाच-सहा आठवड्यांत संपतो.

गोगलगायींसाठी मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या 2022 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंद आहेत. गॅरेजमध्ये जुना डबा असेल तर तोही वापरायचा नाही. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात, पण विरळ टाका, ढीग करू नका. पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला. एवढ्यानेच निम्मा त्रास जातो, कारण रात्री ओली माती म्हणजे त्यांना आमंत्रण.

ऑक्टोबर ते मार्च बाहेर फारसं काही होत नाही. तेव्हा मुंबईच्या बाजारातली वाळूतली समुद्रमेथी आठवा. पसरट ट्रे, तळाला भोकं, तीन सेंटीमीटर माती, भिजवलेली मेथी दाण्याला दाणा लागेल इतकी दाट. मोड येईपर्यंत ओलं फडकं, मग दक्षिणेकडची खिडकी. पाणी खालच्या ताटलीतून द्या, वरून दिलं की बुरशी धरते. डिसेंबरात उजेड कमी म्हणून ती काचेकडे झुकते, रोज ट्रे फिरवा. दहा-बारा दिवसांत बोटभर होते. कात्रीने कापा, लसणावर एक वाफ पुरे. कापलेली परत फुटत नाही, म्हणून कापायच्या आदल्या रात्रीच पुढची मूठ भिजत घाला.