संमती कुणाकुणाची

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा असतो. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांशीच, लग्न करायचं मनात धरलं, पण ते पडले योगी. मग तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, अशी कथा. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी येतात, संमतीचं वाचन होतं आणि मगच हजारो हातांतून अक्षता पडतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी हे पाहिलंय. मूठ घट्ट आवळलेली, घामानं तांदूळ ओले झालेले, पण वाचन संपेपर्यंत एक दाणा टाकायचा नाही, अशी बाबांची ताकीद.

गेले दोन महिने मला तो कट्टा रोज आठवतोय. माझी भाची आणि तिचा मित्र फेब्रुवारीत माझ्याकडे न्यूझीलंडला येऊन लग्न करणार आहेत. दोघंच. मी क्राइस्टचर्चला राहते, त्यामुळे कागदपत्रांपासून जागेपर्यंत सगळं माझ्याकडे आलं. आमचं घर मराठी. मुलगा सोलापूरच्या पूर्वभागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, घरी तेलुगू बोलतात, वडिलांचे यंत्रमाग होते. दोघं पुण्यात नोकरी करतात, तिशीला टेकलेत. दोन्ही घरांनी चार वर्षं ‘बघू’ म्हणून काढली.

ताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. एवढंच म्हणाली, “तुझ्याकडे येऊन करणार, म्हणजे इथं लोक पळून गेली म्हणणार. मी काय सांगू त्यांना?”

खरी अडचण या शब्दाची आहे. इकडे ‘इलोपमेंट’चा अर्थ केव्हाच बदलला. चार माणसांत, आधीपासून ठरवून, रीतसर परवाना काढून केलेलं लहानसं लग्न, असा तो आता झालाय. आपल्या ‘पळून जाण्या’त मात्र रात्रीची एसटी, बंद केलेला मोबाईल आणि पोलीस ठाण्यातली हरवल्याची तक्रार आहे. मुलगी पळते, मुलगा ‘पळवतो’. तीस वर्षांची, कमावती बाईसुद्धा या क्रियापदात वस्तू होऊन बसते.

आणि आपल्याकडची चर्चा याच शब्दाभोवती फिरते. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांसाठी ‘कुटुंब समन्वय समिती’ काढली आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच त्यातून आंतरजातीय वगळलं. 2023 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती सक्तीची करता येईल का, हे तपासू असं सांगितलं. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची, म्हणजे ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. ती नोटीस घरच्यांच्या ओळखीतल्या कुणी वाचली की पुढे काय होतं, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या शक्तीवाहिनी निकालात स्वच्छ सांगितलंय: दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं की कुटुंबाची वा समाजाची संमती लागत नाही. मी या वाक्याच्या बाजूनं उभी आहे, कुठलीही पुस्ती न जोडता.

इथली पद्धत मी ताईला सांगितली. सरकारी अर्ज भरायचा, निदान तीन कामकाजाचे दिवस आधी. परवाना तीन महिने चालतो. लग्न कुठे होणार ती जागा त्यावर लिहिलेली असते. सेलिब्रंट, म्हणजे लग्न लावायचा अधिकार सरकारनं दिलेली व्यक्ती, आणि दोन साक्षीदार. नागरिकत्वाची अट नाही. नंतर दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घेतलं की तो भारतात दाखवता येतो. दाजी मागून म्हणाले, “इतकंच?” त्या ‘इतकंच’मध्ये मला पहिल्यांदा जरा मोकळेपण ऐकू आलं.

पण हे मोकळेपण मी डोळे झाकून घेत नाही. न्यूझीलंडमध्ये दोघांना कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून कुणालाच काही विचारायचं नाही, असा समज करून येणारी जोडपी मी बघते. मागच्या उन्हाळ्यात टेकापो तळ्याकाठी गेले होते. तिथे 1935 साली बांधलेलं दगडी चर्च आहे. आजही तिथे प्रार्थना होते आणि आत फोटो काढायला मनाई आहे. बाहेर एक जोडपं, सोबत फोटोवाले, रंगीत धूर आणि स्पीकरवर गाणं. आत माणसं डोळे मिटून बसलेली. जोडपं मराठी बोलत होतं. मी जवळ जाऊन सांगितलं तेव्हा मुलगी खरोखर ओशाळली, म्हणाली, “आम्हाला वाटलं, हे फोटोसाठीच आहे.” घरी दोन वर्षं भांडून ती इथवर आली होती, हेही तिनंच सांगितलं. स्वतःच्या संमतीसाठी एवढं झगडलेल्या मुलीला समोरच्यांची संमती विचारायचं सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

माझ्या भाचीनंही पहिल्यांदा तेच मागितलं होतं: आओराकीवर हेलिकॉप्टरनं जायचं, बर्फावर हार घालायचे. आओराकी म्हणजे 3,724 मीटरचा, या देशातला सर्वांत उंच डोंगर. नकाशांवर पूर्वी नुसता माउंट कुक होता. 1998 च्या कायद्यानं आओराकी हे नाव त्याच्या आधी लागलं. दक्षिण बेटावरच्या न्गाई ताहू या माओरी, म्हणजे इथल्या मूळनिवासी, जमातीसाठी तो पूर्वज आहे. आओराकी आणि त्याचे भाऊ ज्या नावेतून आले ती उलटून दगड झाली, तेच हे बेट, अशी त्यांची कथा. गिर्यारोहकांनी अगदी माथ्यावर पाय ठेवू नये, अशी त्यांची विनंती असते. मी भाचीला विचारलं, सिद्धेश्वरांच्या योगसमाधीवर चढून कुणी फोटो काढला तर चालेल का? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मावशी, आपण लांबूनच बघू त्याला.”

मग पुकाकी तळ्याचा काठ ठरला. आकाश स्वच्छ असलं की पाण्यापलीकडे आओराकी समोर उभा दिसतो.

हाका, म्हणजे माओरींचा पाय आपटत, घोष करत केलेला समूहनाच, हाही तिच्या यादीत होता. माओरी लग्नात हाका होतो तो वधूवरांच्या मानासाठी, त्यांच्याच माणसांकडून. पैसे देऊन मागवायचा बँडबाजा नाही. ‘का माते’ हा प्रसिद्ध हाका तर न्गाती तोआ जमातीच्या तेराउपाराहा यांचा, आणि व्यावसायिक वापरात हे श्रेय द्यावंच लागतं असा 2014 चा कायदा आहे. आमची सेलिब्रंट न्गाई ताहू घरातली बाई आहे. तिला मी संकोचत विचारलं, तुमचं काय घ्यावं आणि काय घेऊ नये? ती म्हणाली, सुरुवातीला मी प्रार्थना म्हणेन. बाकी तुमचं तुम्ही आणा. फक्त दोघांनी आपण कुठल्या मातीचे ते सांगावं. माओरी माणूस ओळख देताना आपला डोंगर सांगतो, आपली नदी सांगतो.

भाचीचा रात्री फोन. “मावशी, डोंगर कुठला सांगू? सोलापूर सगळं सपाट.” नदीचं जमलं, सीना आहे, भीमा आहे. डोंगराच्या जागी दोघं तळं सांगणार आहेत, सिद्धेश्वरांचं. मुलगा ते तेलुगूत बोलेल, ती मराठीत. भाषांतर मी करणार.

प्रश्न उरला अक्षतांचा. या देशात धान्य, बी, फुलं, मध, लाकूड, जे काही आणाल ते विमानतळावर जाहीर करावं लागतं. लपवलं किंवा विसरलं तर जागेवर 400 डॉलर दंड. ताज्या फुलांचे हार आणायचेच नाहीत. मी सांगितलं, मोत्यांच्या मुंडावळ्या आण, तांदूळ इथल्या दुकानातला घेऊ, हळदकुंकवानं रंगवू. पण टाकायचा नाही. तळ्याकाठी आपण शिजवायचं धान्य विखरून ठेवणं त्या जागेला शोभत नाही. सेलिब्रंट, दोन साक्षीदार आणि मी, चौघांच्या हातातल्या अक्षता शेवटी त्या दोघांच्या ओंजळीत ठेवायच्या, असं ठरलं.

परदेशात लग्न करून पैसा बाहेर का नेता, असं पंतप्रधानांनी नोव्हेंबर 2023 मध्ये ‘मन की बात’मधून विचारलं होतं. दाजींनी तेही मला ऐकवलं. तो प्रश्न पाचशे पाहुणे विमानानं नेणाऱ्यांसाठी ठीक आहे. या दोघांचा सगळा खर्च सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयाच्या जेवणावळीत बसेल, आणि दाजींना कर्ज काढावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र मी भाचीकडून अडून करून घेतली. दोघांनी सोलापूरला जायचं, दोन्ही घरी समोर बसायचं आणि तारीख, जागा, वेळ सांगायची. परवानगी मागायची नाही, सांगायचं. ‘लग्न काय दोघांपुरतं असतं का’ हे ताईचं म्हणणं मला मान्य आहे. बातमी शेजाऱ्याकडून कळणं हा आईबापांचा अपमान आहे. दोघं दिवाळीत सोलापूरला जाऊन आली. पूर्वभागातल्या घरी मुलाची आई उठून आत निघून गेली, वडील बसून राहिले. आमच्या घरी ताईनं फक्त वेळ विचारली.

इथे दुपारचे दोन, म्हणजे तिथे सकाळचे साडेसहा. ताईनं अक्षता करून ठेवल्यात. प्रार्थना संपली की फोनवर सांग, म्हणाली, तोवर मूठ उघडणार नाही.