नंबर बदलत राहणारच

लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग (नैसर्गिक लेन्स) जागेवरून सरकतं, त्यावरच्या लेखात ‘सरकलेलं भिंग काढलं की मूल नीट पाहू लागतं’ असं एका वाक्यात उरकलंय, ते खटकलं. माझ्या भाचीला मारफान सिंड्रोम आहे (शरीरातल्या जोडणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक विकार, त्यात भिंग सरकू शकतं), त्यामुळे हे जवळून पाहिलंय. भिंग काढल्यावर प्रकाशाची वाट मोकळी होते, पण मेंदूला त्या डोळ्याने बघायची सवयच लागली नसेल तर योग्य नंबरचा चष्मा लावूनही अक्षरं स्पष्ट दिसत नाहीत. आळशी डोळा म्हणतात तो हाच. मग चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. पोरगी ती उपटून काढते आणि आजी म्हणते, ‘राहू दे गं, आजच्या दिवस!’

शिवाय डोळा वाढतो. जन्मतः त्याची पुढून मागे लांबी साधारण १७ मिमी असते, मोठेपणी २३-२४. बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते, पण नंतरही ती थांबत नाही, आणि मारफानमध्ये डोळा जास्तच लांब होण्याकडे कल असतो. म्हणजे आज बसवलेलं कृत्रिम भिंग पुढे जुळेलच असं नाही. म्हणून लहान मुलांमध्ये डॉक्टर बऱ्याचदा मुद्दाम थोडा प्लस नंबर शिल्लक ठेवतात, डोळा वाढेल तसा तो कमी होत जातो. तोवर चष्मा लागतोच. आईवडिलांना वाटतं, ऑपरेशन फसलं! हे आधीच समजावून सांगायला काय हरकत आहे?

आणि हो, भिंग सरकलेलं कळलं की हृदयाची टूडी एको (सोनोग्राफीसारखी तपासणी) झाली का, तेही विचारा. मारफानमध्ये महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, रुंदावू शकते. होमोसिस्टिन्युरिया या भिंग सरकवणाऱ्या आणखी एका आनुवंशिक विकाराची तपासणीही भूल देण्याआधी झालेली बरी, त्यात रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो.