धुरात मास्क ओढायला सांगणारा तो मेसेज

"विमानातले ऑक्सिजन मास्क नुसते दाखवायला असतात, पिशवी फुगत नाही कारण टाक्या रिकाम्या असतात, आत गुंगीचं औषध असतं, आणि धूर दिसला की क्रूची वाट न बघता पॅनल उघडून मास्क ओढा." फॅमिली ग्रुपवर हे आलंय आणि मावशी पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच लेकीकडे दुबईला निघालीये, तिने मेसेज सेव्ह करून ठेवलाय, म्हणून लिहितोय.

शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो जिवावर बेतू शकतो. प्रवाशांच्या मास्कला झडपा असतात, त्यातून केबिनमधली हवा आत येते आणि ऑक्सिजनमध्ये मिसळते. म्हणजे बाहेर धूर असेल तर तुम्ही धूरच ओढणार, वर आग लागलेल्या ठिकाणी आणखी ऑक्सिजन सोडणार! आगीच्या धुरात हे मास्क मुद्दाम सोडत नाहीत, ते केबिनमधला हवेचा दाब कमी झाल्यावर वापरायचे असतात. धुरात खाली वाकायचं, नाकातोंडावर ओला रुमाल धरायचा आणि क्रू सांगेल तसं करायचं, बस.

आता टाक्या. बोइंग 737 सारख्या बऱ्याच विमानांत प्रवाशांसाठी टाकीच नसते हो, डोक्यावरच्या पॅनलमध्ये ऑक्सिजन तयार करणारा छोटा डबा, म्हणजे जनरेटर असतो. मास्क ओढला की पिन निघते, आतल्या सोडियम क्लोरेट या रसायनाची रिअॅक्शन सुरू होते, डबा भयंकर तापतो, थोडा जळका वासही येतो. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतच असतो. साधारण 12 मिनिटं पुरतो आणि तेवढ्यात पायलट विमान 10,000 फुटांपर्यंत खाली आणतो.

एक गोष्ट मान्य करावीच लागेल, मेंटेनन्समधल्या हलगर्जीपणाने माणसं मेली आहेत. 11 मे 1996 ला मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेटचं विमान काही मिनिटांतच दलदलीत कोसळलं, 110 जण गेले. विमान अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीचा रिपोर्ट वाचा, मुदत संपलेले हेच जनरेटर काढून खोक्यांत भरले होते, पिनेजवळ बसवायची प्लास्टिकची टोपणं लावलीच नव्हती, कागदावर 'रिकामे' लिहिलं होतं आणि बरेचसे भरलेले होते. ती खोकी याच विमानात होती, कार्गोमध्ये आग लागली. म्हणजे जीव घेतला तो भरलेल्या डब्यांनी, आणि मेसेज टाक्या रिकाम्या म्हणून ओरडतोय.

गुंगीच्या औषधाचं तर काय बोलायचं, धादांत खोटं आहे. उलट ऑक्सिजन कमी पडला की गुंगी येते, 35,000 फुटांवर अर्ध्या-एक मिनिटात माणसाला काही सुचेनासं होतं, म्हणून आधी स्वतःचा मास्क, मग शेजारच्या पोराचा.