राणीच्या बागेतला पागोटेवाला

परवा आईला घेऊन राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये गेले होते. म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्या नावानं उघडलं, भाऊ दाजींचं नाव लागायला १९७५ साल उजाडावं लागलं. तिथे काचेच्या कपाटांत मातीची छोटी छोटी माणसं मांडली आहेत. आई एकापाशी थबकली. पागोट्याचा पीळ न् पीळ कोरलेला, खांदे जरासे पुढे वाकलेले. म्हणाली, "अगं, हा थेट आबांसारखा बसलाय. कोण आहे बघ." मी पाटी वाचली. जात लिहिली होती. नाव नव्हतं.

ती पाटी माझ्या मनातून जातच नाहीये.

इंग्रजांना इथली माणसं ओळखायची नव्हती, खणांत लावायची होती. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड लंडनला निघाले. फोटो एखाद-दुसऱ्या माणसाचा आणि सोबतच्या मजकुरात अख्ख्या जमातीचा स्वभाव! अंदमानात पोर्टमन नावाच्या अधिकाऱ्यानं १८९० च्या दशकात तिथल्या आदिवासींना काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढले, अंगाची मापं नीट कळावीत म्हणून. ते फोटो आज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

बेंगळुरूची कलावंत पुष्पमाला एन. अशाच चौकटींपुढे स्वतः उभी राहिली. ब्रिटिश वंशाच्या क्लेअर आर्नी या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर तिनं २००० ते २००४ मध्ये 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही फोटोंची मालिका केली, त्यातला हा एक भाग. जुने फोटो पुन्हा काढण्यात कसली आलीय कला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. मला विचाराल तर हे दोन फोटो शेजारी ठेवून बघा. पोर्टमनच्या फोटोत आपली नजर सरळ त्या माणसाच्या उघड्या अंगावर जाते, पडदा नुसता मागे राहतो. पुष्पमालाच्या फोटोत आधी दिसतो तो पडदा, ते माप घेण्याचं हत्यार. मोजणारा पकडला जातो. एवढ्याशा फरकासाठी मी त्या कामापुढे हात जोडते.

तरी एक गोष्ट सलते. पुष्पमालाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. जिच्या जागी ती उभी राहिली, तिचं अजूनही नाही. शहरातल्या शिकलेल्या कलावंतानं दुसऱ्याची जागा घेतली की तिथवरच जाता येतं, आणि पुढची वाट तिची नव्हेच.

म्हणून माझं मागणं साधं आहे. राणीच्या बागेतल्या म्युझियमनं आजच्या कलावंतांना आत घेतलंय, जितीश कल्लाटचं प्रदर्शन २०११ साली तिथेच झालं. आता ती मातीची माणसं ज्यांच्या आज्या-पणज्यांची आहेत, त्या घरांतल्या चित्रकार मुलामुलींना बोलवा. कपाटांच्या किल्ल्या द्या, जुन्या नोंदवह्या त्यांच्यापुढे उघडा. पाट्या त्यांना लिहू द्या, त्यांच्या बोलीत. नाव सापडलं तर नाव. नाही सापडलं तर तसं स्पष्ट लिहा, की हा माणूस समोर बसला होता आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.